पाण्याची नोंद आणि गर्भवतीची नोंद : मुंबई उपनगरांतील दूषित पाणी व गर्भारपणातील रक्तदाब यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मुंबईच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिताना पाणीपुरवठा आणि माता-आरोग्य हे दोन विषय सामान्यतः दोन स्वतंत्र प्रकरणांत मांडले जातात. पहिल्या प्रकरणात विहार, तुळशी, तानसा, वैतरणा व भातसा ही नावे येतात आणि त्यांना जोडून पटकी, विषमज्वर, कावीळ व अतिसार यांच्या साथी येतात. दुसऱ्या प्रकरणात सुईणी, प्रसूतिगृहे, पहिल्या पिढीतील स्त्री-डॉक्टर आणि मातामृत्यूचे आकडे येतात. ही दोन प्रकरणे एकमेकांना भेटतात ती प्रामुख्याने काविळीच्या संदर्भात. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतील सांडपाणी वझिराबादच्या जलकेंद्रात शिरले व सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली; त्या साथीत गर्भवती स्त्रियांना असलेला विशेष धोका वैद्यकाच्या ध्यानी आला. पुढे या आजाराचा विषाणू हिपॅटायटिस ई या नावाने ओळखला गेला. परंतु ही भेट तात्कालिक स्वरूपाची होय. पाणी बिघडले, स्त्री त्याच वेळी गरोदर होती आणि काही आठवड्यांत परिणाम दिसला, असा तिचा क्रम आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय याहून वेगळा आहे. एखाद्या मुलीला वा तरुणीला दूषित पाण्यामुळे तीव्र अतिसार झाला, ती बरी झाली, आणि काही वर्षांनी गर्भारपणात तिचा रक्तदाब वाढला, तर या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असू शकतो काय, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत वैद्यकाने गंभीरपणे विचारला आहे. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात, असा संबंध सिद्ध झाला आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे नाही. तो प्रश्न येथे विचारणेच अवघड का ठरते, याचे उत्तर इथल्या पाण्याच्या आणि बाळंतपणाच्या नोंदी ज्या रीतीने घडत गेल्या त्या इतिहासात सापडते, एवढाच येथील मुद्दा आहे.

वॉकरटनचे उदाहरण

हा प्रश्न जेथे प्रथम नीट विचारला गेला ते गाव मुंबईपासून फार दूर, कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात आहे. वॉकरटन हे सुमारे ४,८०० वस्तीचे शेतकरी गाव. मे २००० मध्ये तेथे जोराचा पाऊस झाला आणि जवळच्या शेतात टाकलेल्या शेणखतातील जंतू गावाला पाणी पुरविणाऱ्या एका उथळ विहिरीत उतरले. त्यांत ई. कोलाय ओ१५७:एच७ हा घातक प्रकार होता. सुमारे २,३०० लोक आजारी पडले व ७ जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशी अहवालाचा पहिला भाग २००२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. इतिहासाच्या अभ्यासकाने तो मुळातून वाचावा अशा योग्यतेचा आहे. कारण तो जितका पाण्याविषयी आहे तितकाच नोंदवह्यांविषयी आहे. पाण्यात शिल्लक राहणाऱ्या क्लोरिनची मोजणी दररोज प्रत्यक्ष न करता वहीत ठरावीक आकडे भरले जात होते, हे त्या चौकशीत उघड झाले. प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल हाती आल्यावरही तो दडविला गेला. म्हणजे गावातील पाण्याच्या कागदोपत्री इतिहासात पाणी शुद्ध होते. ते अशुद्ध असल्याचा पुरावा लोकांच्या शरीरांनी दिला.

यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. साथ ओसरल्यावर विषय मिटला असे न मानता त्या गावातील लोकांची २००२ पासून अनेक वर्षे पुन:पुन्हा तपासणी करण्यात आली. कोण किती आजारी पडले होते याची नोंद होती. आता त्याच व्यक्तींचा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि मूत्रपिंडाचे कार्य मोजले गेले. डॉ. विल्यम क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १,९७७ प्रौढ व्यक्तींविषयीचे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. साथीत तीव्र अतिसार झालेल्यांमध्ये पुढे उच्च रक्तदाब उद्भवण्याचा धोका, आजारी न पडलेल्या अथवा किरकोळ आजारी पडलेल्यांच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशाने अधिक आढळला. साथीनंतरच्या वर्षांत ज्या स्त्रियांना दिवस गेले त्यांच्या गर्भारपणातील रक्तदाबाचाही याच पाहणीत स्वतंत्र विचार झाला. एवढ्याशा गावातील गर्भारपणांची संख्या ती किती असणार, त्यातून ठाम होकार वा नकार काढणे कठीणच. तथापि प्रश्न विचारता आला, याचे श्रेय त्या यादीला आहे.

यामागील शरीरशास्त्र थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ओ१५७ हा जंतू शिगा विष नावाचे विष तयार करतो. ते मूत्रपिंडातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते. इजा तीव्र असल्यास हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम हा जीवघेणा विकार होतो. सौम्य असल्यास रुग्ण बरा होतो, मात्र मूत्रपिंडाची राखीव शक्ती काहीशी घटलेली राहू शकते. एरवी ही घट कळत नाही. गर्भारपणात मूत्रपिंडांना रक्त गाळण्याचे काम सुमारे निम्म्याने अधिक करावे लागते आणि तेव्हा लपलेली उणीव उघडी पडू शकते. अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील २०१७ च्या एका अभ्यासात, मूत्रपिंडाच्या तीव्र विकारातून पूर्ण बऱ्या झालेल्या स्त्रियांपैकी २३ टक्क्यांच्या पुढील गर्भारपणात प्री-एक्लॅम्प्सिया आढळला; इतर स्त्रियांत हे प्रमाण ४ टक्के होते. या अभ्यासातील मूत्रपिंड-विकारांची कारणे नाना प्रकारची होती, केवळ पाणी नव्हे. परंतु 'बरी झाली' या शब्दांवर वैद्यकीय इतिहासाने किती विसंबावे, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो.

भारतीय संदर्भात ओ१५७ पेक्षा शिगेला डिसेंटेरी प्रकार एक हा जंतू अधिक परिचित आहे. रक्ताची आव पडून मागाहून मूत्रपिंड निकामी झालेल्या बालकांची नोंद भारतीय रुग्णालयांतून १९७० च्या दशकापासून होत आली. शिगा विष हे नाव मुळात याच जंतूच्या कुळावरून आले आहे. त्यामुळे वॉकरटन ही परकी गोष्ट म्हणून बाजूस सारता येत नाही.

धरणांच्या वाटेवरची गावे

मुंबईच्या पाण्याचा इतिहास हा एका अर्थी उपनगरांचाच इतिहास आहे, पण तो उपनगरांसाठी घडला नाही. हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव साष्टी बेटावर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होता. त्याचे पाणी मात्र दक्षिणेकडील शहरासाठी होते. १८७९ च्या तुळशी तलावाचेही तसेच. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले आणि त्याच्या प्रचंड जलवाहिन्या आजच्या मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर या गावांच्या शिवारांतून शहराकडे निघाल्या. त्या वाटेवरील गावे आपापल्या विहिरींचे, तळ्यांचे पाणी पीत राहिली.

या मालिकेत पवईचे स्थान विलक्षण आहे. शहरातील टंचाईवर तातडीचा उपाय म्हणून १८९१ मध्ये पवईचा तलाव पुरा करण्यात आला. त्याचे पाणी पिण्याच्या योग्यतेचे नाही हे लवकरच ध्यानी आले आणि पिण्यासाठी त्याचा वापर सोडून द्यावा लागला. आज मुंबईला पाणी देणाऱ्या जलाशयांची गणना सात अशी होते : ऊर्ध्व वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. पवई त्यांत नाही. महानगराच्या मध्यावर, जोगेश्वरीहून विक्रोळीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पसरलेला, पाण्याच्या टंचाईतून जन्मलेला हा तलाव पिण्याच्या पाण्याच्या यादीबाहेर राहिला, ही घटना पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. वास्तविक ती मुंबईच्या प्रशासनाने पाणी दूषित असल्याचे मान्य करून स्रोतच बंद केल्याचे एक आरंभीचे उदाहरण आहे. पाणी कोणाच्या पोटात गेले नाही म्हणून तेथे यादी करण्याचा प्रश्न उद्भवला नाही. पुढील काळात स्रोत शुद्ध राहिले आणि दूषितता नळात शिरली. तेव्हा असा सरळ उपाय उरला नाही.

मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा झाला. वांद्रे, कुर्ले, घाटकोपर-किरोळ अशा लहान नगरपालिका आपापल्या बळावर पाण्याची व्यवस्था पाहत. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेकडे भांडुपपर्यंत वाढली. म्हणजे अंधेरी व घाटकोपर आत आले. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली आणि बोरिवली व मुलुंड आत आले. सात वर्षांचे हे अंतर जलवाहिन्यांच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हते. वैतरणेवरील मोडकसागर प्रकल्प, ज्याला अभियंते ना. वि. मोडक यांचे नाव आहे, याच दशकातील होय. १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर टप्प्याटप्प्याने भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा असे पाणी वाढत गेले. भांडुपला जलशुद्धीकरणाचे मोठे संकुल उभे राहिले. संकुलातून बाहेर पडणारे पाणी शुद्ध असते, यात वाद नाही.

वाद पुढे सुरू होतो. उपनगरांतील नळाला दिवसातून काही तासच पाणी येते. नळ बंद असतो तेव्हा वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि फुटक्या सांध्यांतून आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यात दाब कमी म्हणून नळाला मोटार लावण्याची रीत. तिने हे ओढणे आणखी वाढते. डोंगरउतारावरील वस्त्यांत, उदाहरणार्थ घाटकोपरच्या असल्फा परिसरात, अर्ध्या इंचाच्या नळ्यांचे जुडगे उघड्या गटारातून वर चढविलेले दिसते. नळ सुरू होताच पहिले पाणी गढूळ येते, ते सोडून द्यावे, हे शहाणपण उपनगरांतील गृहिणींना कोणत्याही अहवालाआधी ठाऊक होते. हुबळी-धारवाड येथे एमिली कम्पेल व कारा नेल्सन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खंडित व अखंड पुरवठ्याची तुलना करून खंडित पुरवठ्यातील, विशेषतः पुरवठा सुरू होतानाच्या पाण्यातील, दूषितता मोजून दाखविली.

दूषितपणाचा हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा राहिला नाही. १९९६ मधील शासकीय परिपत्रकाने १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी देण्यास मनाई केली. ही तारीख नंतर पुढे सरकली. मनाई झाली म्हणून तहान थांबत नाही. माणसे टँकर, दुसऱ्याच्या नळावरून विकत घेतलेले पाणी, जुन्या विहिरी किंवा चोरून जोडलेल्या नळ्या यांवर राहिली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, झोपडी अनधिकृत आहे या कारणास्तव पाण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. १९९६ ते २०१४ हा काळ अठरा वर्षांचा होतो. त्या काळात अशा वस्तीत जन्मलेली मुलगी आज बाळंतपणाच्या वयात आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील मढ, मनोरी, गोराई या गावठाणांचा प्रश्न आणखी निराळा. तेथील पाण्यात जंतूंपेक्षा क्षाराचा विचार आधी करावा लागतो. समुद्राजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ होणे हा किनाऱ्यावरील जुना अनुभव. बांगलादेशातील खुलना भागात, दाकोप येथे, पाण्यातील क्षारतेचा गर्भवतींच्या रक्तदाबाशी असलेला संबंध तपासण्यात आला. २०११ च्या अभ्यासानुसार तेथील रुग्णालयात गर्भवतींमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण कोरड्या ऋतूत १२.२ टक्के, तर पावसाळ्यात ५.१ टक्के होते. येथे विलंब नाही. क्षार आज प्यायला आणि रक्तदाब त्याच ऋतूत चढला. तरीही पाण्याचा आणि गर्भवतीच्या रक्तदाबाचा विचार एकत्र करता येतो, हे त्यावरून दिसते.

टॉक्सिमिया : एका नावाचा इतिहास

विहारचे पाणी शहरात आले त्या वर्षी माणसाचा रक्तदाब दवाखान्यात मोजण्याचे साधनच अस्तित्वात नव्हते. रिव्हा-रोची यांचे उपकरण १८९६ चे, कोरोत्कॉफ यांची स्टेथोस्कोपने ध्वनी ऐकण्याची पद्धत १९०५ ची. त्यापूर्वी गर्भवतीला आकडी आली की आजार कळे. लघवीत प्रथिने उतरतात हे लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील लेव्हर यांनी १८४३ मध्ये दाखविले होते. अंगावर सूज, लघवीत प्रथिने, पुढे रक्तदाब आणि अखेर आकडी या समुच्चयाला विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत 'गर्भारपणातील टॉक्सिमिया' म्हटले गेले. टॉक्सिमिया म्हणजे रक्तातील विष. असे एखादे विष असले पाहिजे अशी समजूत होती. ते सापडले नाही आणि नाव मागे पडले. आता विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक असणे हा निकष मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शनानुसार आशिया व आफ्रिकेतील मातामृत्यूंपैकी जवळपास एक-दशांश मृत्यूंशी या विकारांचा संबंध असतो. नाव टाकून दिल्यावर काही दशकांनी वॉकरटनच्या निमित्ताने खरोखरच एका विषाचा विचार करावा लागला, हा योगायोग म्हणावा लागेल. मात्र जुन्या डॉक्टरांनी शोधलेले विष ते हे नव्हे.

मुंबईत गर्भवतीच्या आजाराची मुळे गर्भारपणाच्या आधीच्या जीवनात शोधण्याची परंपरा नव्हती असे नाही. उलट ती येथे फार लवकर निर्माण झाली. १९२८ च्या सुमारास डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने लूसी विल्स या इंग्लिश संशोधिका मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी गर्भवतींमधील एका तीव्र पांडुरोगाचा अभ्यास केला. कापड गिरण्यांतील कामगार स्त्रिया त्यांच्या अभ्यासाचा विषय होत्या. आतड्यातील जंतुसंसर्ग हे या पांडुरोगाचे मूळ असावे काय, ही शंका आरंभी त्यांनीही तपासून पाहिली. ती टिकली नाही. नंतर निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांच्या आहाराची तुलना करून गरीब स्त्रियांच्या निकृष्ट आहाराशी त्यांनी आजाराची सांगड घातली आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये दाखविले. पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले द्रव्य ते हेच. आज उपनगरांतील प्रत्येक प्रसूतिगृहात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या लोह-फॉलिकच्या गोळीमागे परळचे ते काम आहे. आणि ते काम कशामुळे शक्य झाले? बाई काय खाते हे तिच्या आजाराच्या कागदावर लिहिले गेले म्हणून. ती कोठले पाणी प्याली व पूर्वी तिला काय झाले होते, हे त्याच पद्धतीने लिहिले जाण्याची वाट तेथून पुढे निघाली नाही.

कामा रुग्णालयाच्या डॉ. जेरूशा झिराड यांनी मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. अहवाल नावाप्रमाणेच 'शहरा'चा आहे. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली व मुलुंड तेव्हा शहरात नव्हती. उपनगरे महापालिकेत आली तेव्हा मातामृत्यूची शीर्षके व वर्गवारी शहरात आधीच ठरलेली होती आणि तीच उपनगरांना लागू झाली.

दोन वह्या

महापालिकेच्या पर्यावरण सद्यःस्थिती अहवालांत पाण्याच्या नमुन्यांपैकी किती टक्के अयोग्य आढळले याचे प्रभागनिहाय कोष्टक असते. अंधेरीसाठी के पूर्व व के पश्चिम, घाटकोपरसाठी एन, मुलुंडसाठी टी, बोरिवलीसाठी आर मध्य. ही नोंद प्रामाणिक असली तरी तिचे एकक प्रभाग हे आहे. एकाच एन प्रभागात राजावाडीची जुनी वसाहत आणि डोंगरावरची वस्ती दोन्ही येतात. सरासरीत दोघींचे पाणी सारखे होते. दुसरीकडे महापालिकेच्या प्रसूतिगृहांत, राजावाडी, भगवती अथवा मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयात गर्भवतीची नोंद होते. तिचे एकक स्त्री हे आहे आणि कालावधी नाव नोंदविल्यापासून बाळंतपणानंतरच्या थोड्या आठवड्यांपर्यंतचा. पाण्याच्या वहीत साथ संपली की पान संपते. गर्भवतीच्या वहीत पान उघडते ते दिवस राहिल्यावर. मधली पाच, दहा, पंधरा वर्षे कोणत्याच खात्याकडे नाहीत.

हे अंतर मुंबईत वॉकरटनपेक्षा अधिक रुंद होते याला सामाजिक कारणे आहेत आणि त्यांची दखल वैद्यकीय लेखनात फारशी घेतली जात नाही. पहिले कारण विवाह. मुलगी मुलुंडला वाढते, लग्न होऊन बोरिवलीस जाते. जलवाहिनी बदलते, प्रभाग बदलतो, रुग्णालय बदलते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते आणि अनेक घरांत पाळण्यातले नावही बदलून नवे ठेवले जाते. दहा वर्षांची असताना रक्ताच्या आवेने रुग्णालयात दाखल झालेली मुलगी आणि पंचवीस वर्षांची गर्भवती या एकच आहेत, हे कागदावरून ओळखण्यास कोणताही दुवा शिल्लक राहत नाही. पुरुषाच्या बाबतीत असे होत नाही. तेव्हा पाण्याच्या दूरगामी परिणामांचा जो काही इतिहास आपल्याकडे लिहिला जाईल तो पुरुषांचा लिहिणे सोपे आहे.

दुसरे कारण माहेर. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मुंबईतील मराठी कुटुंबांत आजही पुष्कळ प्रमाणात टिकून आहे. गिरणगावातून व नंतर उपनगरांतून सातव्या-आठव्या महिन्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा वा कोल्हापूरकडे जाणाऱ्या लेकींची संख्या कधी लहान नव्हती. प्री-एक्लॅम्प्सिया बहुधा पहिल्या खेपेस आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात प्रकट होतो. म्हणजे रक्तदाब चढण्याची शक्यता ज्या आठवड्यांत सर्वाधिक, नेमक्या त्याच आठवड्यांत स्त्री उपनगरातील नोंदवहीतून बाहेर पडून गावाकडच्या आरोग्य केंद्राच्या वहीत शिरते. तिच्या आजाराचा आकडा कोकणाच्या खात्यावर पडतो, पाणी मात्र ती अंधेरीचे प्यालेली असते. याच्या उलट, ज्या स्त्रीचे माहेर उत्तर प्रदेशात वा बिहारमध्ये आहे आणि जी बालपणीच्या गावविहिरीचे पाणी पिऊन लग्नानंतर साकीनाक्याला आली, तिच्या बाबतीत उपनगराच्या वहीत आजार आहे आणि पाण्याचा इतिहास हजार मैलांवर आहे.

२६ जुलै २००५ च्या पुराने हे सारे एकदा लख्खपणे दाखवून दिले. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विहार व पवई यांच्या सांडव्यातून उगम पावणारी मिठी नदी मरोळ, साकीनाका, कुर्ले या मार्गाने घराघरांत शिरली. पाठोपाठ अतिसार आणि लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण वाढले. लेप्टोस्पायरोसिस हा पिण्याच्या पाण्यापेक्षा मुख्यतः साचलेल्या दूषित पाण्याचा त्वचेशी संपर्क आल्याने होणारा आजार आहे, हा भेद राखला पाहिजे. परंतु तो मूत्रपिंडांवर आघात करणारा आहे, म्हणून प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध येतो. त्या ऑगस्टमध्ये रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या नावांच्या याद्या होत्या. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने नदी, नाले, भरती, पर्जन्यमान यांचा तपशीलवार विचार केला व तो मोलाचाच आहे. मिठीच्या काठी त्या वर्षी दहा वर्षांची असलेली मुलगी २०२५ मध्ये तीस वर्षांची झाली. तिची बाळंतपणे बहुधा होऊन गेली असतील.

'इतर' हा रकाना

गरोदर स्त्रीला देशभर दिल्या जाणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर पूर्वीच्या आजारांसाठी जागा आहे. तेथे क्षयरोग, उच्च रक्तदाब, हृदयरोग, मधुमेह, दमा ही नावे छापलेली असतात आणि शेवटी 'इतर' असे असते. मूत्रपिंडाचा विकार, रक्ताच्या आवेने रुग्णालयात राहावे लागणे, पुरानंतरचा लेप्टो यांना वेगळी ओळ नाही. यामागे दुर्लक्ष आहे असे मानण्याचे कारण नाही. कार्ड क्षेत्रीय कामासाठी आहे, ते आटोपशीरच असावयास हवे. परंतु काय छापले जाते आणि काय 'इतर' मध्ये ढकलले जाते यावरून एखाद्या काळाने कोणत्या आजारांना भूतकाळ असतो असे मानले, हे कळते. क्षयाला भूतकाळ आहे. पाण्याच्या आजाराला तो दिलेला नाही.

महापालिकेने मे २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केले. त्यानुसार पूर्वी नाकारलेल्या वस्त्यांना अधिकृत जोडणी देण्यासाठी अर्ज घेतले जाऊ लागले. अर्जात घर, पत्ता आणि राहणाऱ्यांची नावे असतात. म्हणजे कोणत्या कुटुंबाला कोणत्या तारखेपासून महापालिकेचे शुद्ध केलेले पाणी मिळू लागले आणि त्याआधी मिळत नव्हते, ही माहिती जलखात्याच्या कागदांत प्रथमच व्यक्तींच्या नावांसह येत आहे. त्याच वस्तीतील आरोग्यसेविका घरोघर जाऊन गर्भवतींची नावे घेते आणि दरमहा रक्तदाब लिहिते. दोन्ही कागद बहुतेक वेळा एकाच प्रभाग कार्यालयाच्या इमारतीत, जलखाते व आरोग्य खाते अशा निरनिराळ्या कपाटांत जातात. लहानपणी रक्ताची आव होऊन दवाखान्यात राहावे लागले होते काय, लग्नाआधी कोठे राहत होतीस आणि पाणी कोठून येत असे, हे प्रश्न मराठीत विचारण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि त्यांची उत्तरे लिहिण्यास 'इतर' हा रकाना कार्डावर छापलेलाच आहे.